मुकादमाचं 'कसं?'

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. मी तेव्हा ढोकीला कारखान्याच्या शेतकी खात्यात लिहिणारा होतो. ईट गावाकडची टोळी घेऊन येणारा मुकादम दर हंगामात भेटायचा. काठीनं ढेकळं फोडत बोलायचा. हुकूम सोडला की शेवटी 'कसं?' म्हणायचा आणि उत्तराची वाट न बघता पुढं चालू लागायचा.

दुष्काळ सरल्यावरच्या हंगामात एका कोयत्यात दोघंही पुरुष निघाले. मी सवयीनं विचारलं, "बाईचं नाव?"

"बाई न्हाय, साहेब. धा वर्सं झाली, दोघांची चूल एक हाय. जोडी म्हणून लिवा. कसं?" आणि मुकादम पुढं गेला.

संध्याकाळी राहायच्या कोप्या बांधताना टोळी अडून बसली. ह्या दोघांच्या शेजारी आम्ही राहणार नाही, त्यांना एकट्या गड्यांत घाला, म्हणाली. अर्धी उभी केलेली स्वतःची कोपी मुकादमानं सोडली, बांबू खांद्यावर घेतले आणि त्या दोघांच्या कोपीला लागून रोवले. मागून त्याची बायको चुलीचे दगड घेऊन आली.

मग तो टोळीकडं वळला. "आता ह्यांच्या शेजारी माजी कोपी हाय. कसं?"

इतक्या हंगामांत पहिल्यांदाच तो उत्तरासाठी थांबला. काठी जमिनीला टेकवून, शेवटचा माणूस 'व्हय' म्हणेपर्यंत.