शांताराम मिस्त्रींचं ऑइल चांगलंच होतं

ज्या माणसाला मी चार लोकांत चोर ठरवलं, तो आज सकाळी गेला.

शांताराम मिस्त्री. दिघीत टू-व्हीलरचं गॅरेज.
इथल्या बऱ्याच जणांच्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्यात.

बातमी कंपनीच्या बायकर ग्रुपवर आली. खाली लगेच एकाने विचारलं, "तोच ना, डुप्लिकेट ऑइलवाला?"
त्यावर दोन अंगठे.

हे नाव त्यांना मी पाडलं. म्हणून लिहितोय. शेवटपर्यंत वाचा, प्लीज.

मी जात्याच संशयी.
पंपावर मीटरचा झिरो बघतो, मग पाइपाकडे बघतो, मग परत मीटरकडे. बायको म्हणते, हा माणूस प्रसादाच्या पेढ्याचीसुद्धा एक्सपायरी विचारेल.

रोज दिघी ते चाकण बाइकवर. कंपनीत कारचे पार्ट बनवतो, त्यामुळे इंजिनातलं आपल्यालाच कळतं, हा माज वेगळाच.

पाच वर्षं गाडी सर्व्हिसिंगला शांतारामभाऊंकडे होती. एकदाही रस्त्यात बंद पडली नाही.
दुसरा कुणी खूश झाला असता. मला वाटायचं, इतका सरळ मिस्त्री असतोच कसा राव?

दोन वर्षांपूर्वी कँटीनमध्ये एकाने मला बाटली दिली. इंजिन ऑइलमध्ये टाकायचं अॅडिटिव्ह. इंजिन लोण्यासारखं चालेल, अॅव्हरेज वाढेल, आयुष्य दुप्पट, असं सगळं त्याने सांगितलं. बाटलीवर कारचं चित्र आणि भरपूर इंग्लिश.

मी शांतारामभाऊंना सहज म्हणून विचारलं, असलं काही टाकलं तर चालतं का?

ते स्पॅनर पुसत म्हणाले, "नका टाकू. इंजिनाला चांगलं त्याल लागतं, टॉनिक न्हाई."

झालं. माझ्या मनात पाल चुकचुकली.
ज्याचं पोट इंजिन बिघडण्यावर, तो इंजिन टिकवणारी बाटली कशाला टाकू देईल? धंदा बसेल ना त्याचा!

रविवारी त्यांच्याकडे ऑइल बदललं. घरी आलो आणि पार्किंगमध्ये गुपचूप अख्खी बाटली ओतली.
बायकोलाही सांगितलं नाही.

दोन दिवस गाडी काय पळाली! मी मनातल्या मनात मिस्त्रीला हसलो.

बुधवारी फर्स्ट शिफ्टला निघालो. मोशीच्या पुढे थ्रॉटल पिळला तर इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी पुढे सरकायचं नाव नाही. मागून ट्रेलर हॉर्न देतोय. कशीबशी कडेला घेतली.

आणि माझ्या डोक्यात पहिलं नाव कुणाचं आलं?
शांताराम मिस्त्रीचं. जळकं ऑइल गाळून भरलं असणार.

तिथेच उभं राहून ग्रुपवर टाकलं, 'दिघीचा शांताराम मिस्त्री डुप्लिकेट ऑइल भरतो. सावध राहा.' सोबत गॅरेजच्या बोर्डाचा जुना फोटोही लावला.
मग गाडी टेम्पोत घालून गॅरेजवर नेली आणि तीन-चार गिऱ्हाइकांसमोर नको नको ते बोललो.

त्यांनी क्लच खोलला. प्लेटवरून बोट फिरवलं, ऑइल दोन बोटांत चोळलं, वास घेतला.
मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुमी यात दुसरं काय वतलंय का?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "नाही."

त्यांनी बोटं फडक्याला पुसली.
"मग माजंच चुकलं असंल," म्हणाले.

नवीन क्लच प्लेट टाकल्या, ऑइल बदललं. गिऱ्हाइकं ऐकत होती. त्यातला एक जण गाडी न दाखवताच निघून गेला, ते मी पाहिलं. मला तेव्हा बरं वाटलं, हेही कबूल करतो.

महिन्याभराने टेस्टिंगमधल्या एका सीनियरशी बोलताना सहज त्या बाटलीचा विषय निघाला. तो कपाळावर हात मारून घेत म्हणाला, "अरे, कारचा क्लच कोरडा असतो. बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. ऑइल एवढं निसरडं केलंस तर प्लेट एकमेकींना धरणार कशा?"

घरी येऊन रिकामी बाटली शोधली. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, फक्त चारचाकीसाठी.
पेढ्याची एक्सपायरी विचारणाऱ्या माणसाने बाटलीची मागची बाजू वाचली नव्हती.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मी मारल्या होत्या.

मेसेज डिलीट करायची मुदत गेली होती. पण नवीन मेसेज टाकायला कुणी अडवलं होतं? कुणीच नाही. लाज वाटली, बस.
आज सांगू, दिवाळीनंतर सांगू, असं करत दोन वर्षं काढली. गाडी मात्र त्यांच्याकडेच नेत राहिलो, जणू काही झालंच नाही. आमच्या कंपनीतली पोरं तिथे दिसेनाशी झाली होती.

त्यांनी मला कधी टोमणा मारला नाही. फक्त ऑइलचा सीलबंद डबा माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "तुमीच फोडा."

मला वाटायचं, हे फक्त माझ्यासाठी.
आज स्मशानभूमीत त्यांचा धाकटा भाऊ भेटला. म्हणाला, "दोन वर्सं झाली, दादा परतेक गिऱ्हाइकालाच डबा फोडाया लावायचा. कुनी काय बोललं व्हतं, काय म्हाईत."

मी तिथून तसाच निघून आलो. त्यांना क्लच खोलला त्याच दिवशी सगळं कळलं होतं, असा आता मला संशय येतोय. एवढा एकच संशय खरा असावा आणि तोच मला झोपू देणार नाही.

ही पोस्ट त्या ग्रुपवरही टाकली आहे. माझा मेसेज वाचून कुणी त्यांच्याकडे जायचं थांबवलं असेल, तर नीट वाचा. शांताराम मिस्त्रींनी कधी कुणाच्या गाडीत खोटं ऑइल भरलं नाही. खोटं मी बोललो.

शांतारामभाऊ, हे तुमच्या गॅरेजमध्ये, त्याच गिऱ्हाइकांसमोर बोलायला हवं होतं.
माफ करा. शेवटचा नमस्कार.