पेंढा भरलेल्या टायरवर वज्रेश्वरी

मित्रांनो, आत्ताच परतलो आणि हात धुऊन लगेच हे आपल्या सायकल मंडळाच्या फळ्यावर लावतोय. आज शुक्रवार, कारखान्यातले लूम बंद. म्हणून अंबाडीहून तानसा नदीच्या काठाने एकटाच वज्रेश्वरीला जाऊन आलो.

आमचे लूम दुरुस्त करणारे जॉबर रामअवतारभैया म्हणाले होते, ती वाट सायकलची नाही. वर पैज लावली: सायकल एसटीच्या टपावर टाकून परत आलास, तर पुढच्या शुक्रवारी सगळे हायवेनेच जाणार. मला ट्रकांची किती धास्ती वाटते, तुम्हाला ठाऊक आहे.

पैज हरू नये म्हणून निघताना चाकांत हवा ठासून भरली. ऊन चढले आणि नदीच्या वळणावर मागची ट्यूब फुटली. ठिगळ बसेना. जवळ दुकान नाही, फक्त खळ्यावर पेंढा रचणारी एक बाई.

"हवा न्हाय तं पेंढा भर," ती म्हणाली. "आमचा धनी तसाच बाजाराला जातो."

मी घुटमळलो, तोवर तिने पेंढा पिळून टायरमध्ये कोंबायला घेतला. "बस आता. पडलास तर मला शिव्या दे."

पडलो नाही. हाडे खिळखिळी झाली, पण बाजूला संथ नदी होती आणि मागे एकही भोंगा नव्हता. देवळापर्यंत गेलो आणि त्याच चाकावर आपल्या नदीनाक्याच्या टपरीवर परत आलो.

भैया तिथे चहा पीत होते. टायरबाहेर आलेल्या काड्या पाहून म्हणाले, "साइकिल है या बैल?" मग कप खाली ठेवला. "ठीक है. अगले शुक्कर को नदी से चलेंगे."

आजवर मी नेहमी सगळ्यांच्या मागे राहिलो. पुढच्या शुक्रवारी वाट दाखवायला पुढे मी असेन. कोण कोण येताय?