आत्या आणि मंत्र्यांचा बर्फाचा कारखाना

माझ्या आत्याइतकी नातलगांच्या काडीच्या उपयोगाची नसलेली बाई डहाणूच्या अख्ख्या किनाऱ्यावर सापडायची नाही. ती मासे विकणाऱ्या बायकांच्या सोसायटीची अध्यक्ष. बोंबील वाळवायच्या मैदानातल्या जागा सोसायटी दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटायची. सुनेची चिठ्ठी निघायची वेळ आली की आत्या खुर्ची सोडून बाहेर पायरीवर, भिंतीकडे तोंड करून बसायची आणि आत ओरडायची, "झालं का गं? येऊ का?" एकदा सुनेला गटाराकडेची जागा आली. सून महिनाभर बोलली नाही; आत्याने तो अबोला दागिन्यासारखा मिरवला. मी एकदा सोसायटीतला बर्फ घरी सरबतात घातला, तर तिने माझ्या हातातला पेला घेऊन सरळ परसात ओतला.

अशा बाईसमोर तो मंत्री आला. मासेमारीचं खातं त्याच्याकडे, आणि घरचा धंदा बर्फाचा. मैदान त्याच्याच खात्याच्या ताब्यातलं. ते त्याच्याच घरच्या कंपनीला कारखान्यासाठी गेलं. आम्हाला कळलं ते भूमिपूजनाचा मंडप उभा राहिल्यावर!

"कंपनीचा मी केव्हाच राजीनामा दिलाय," तो माइकवर म्हणाला. "धंदा सगळा मिसेस बघतात."

आत्या उठली. "साहेब, जागेच्या कागदावर सही कोणाची?"

"मंत्री म्हणून माझीच असणार ना, मावशी."

"मग सही करताना उठून बाहेर का नाही गेलात?"

बायका हसल्या. मंत्रीही हसला, आणि ते हसणं बघून आत्याचं डोकं फिरलं. "हसता काय? चिमूटभर जागेसाठी सुनेची चिठ्ठी असली, तरी मी उठून बाहेर जाते. तुम्हाला घरातली बायको दिसत नाही?"

बँडवाल्यांना कुणीतरी खूण केली. "ऊन लागेल, सावलीत चला," म्हणत दोन पोलिसांनी तिला बाहेर काढलं. मी मागेच उभा होतो, तोंड मिटून. त्या मंत्र्याइतकाच मला माझाही संताप येतो.

कारखाना झाला. बायका आता रस्त्याकडेच्या धुळीत बोंबील वाळवतात. आत्या माझ्याकडून अर्ज लिहून घेते. "कडक लिही. विनंती-बिनंती नको." पालघरच्या कचेरीत दर वेळी एकच उत्तर, फाइल वर गेलीय. परवा जिन्यात ती मध्येच थांबली. मला वाटलं, भांडायला कोणी दिसलं. पण तिने नुसता माझा खांदा धरला आणि दम खात म्हणाली, "तू हो पुढं. खिडकी बंद होईल."