दानम्मानं नाव घेतलं नाही

मागच्या हिवाळ्यात महिनाभर माझं नाव आमच्या गावात प्रत्येकाच्या जिभेच्या टोकावर होतं, पण ते उच्चारायची हिंमत एकाचीही नव्हती. ते काम त्यांनी माझ्या धाकट्या जावेवर सोपवलं होतं. तिचं नाव दानम्मा. तिच्याबद्दल लिहायचं म्हणून बसले आहे आणि आधीच सांगून टाकते, ती माझी मैत्रीण नव्हती. पाच वर्षं आमचं बोलणं बंद होतं. कारण ऐकलंत तर हसाल. माझ्या मोरीचं पाणी तिच्या अंगणात उतरायचं.

मी बसम्मा. अंगणवाडी सेविका, वय बावन्न, विधवा. गाव भोकरपासून आठ किलोमीटरवर. आमचे नवरे सख्खे भाऊ. माझा वारला, तिचा संगमेश्वर शेती बघतो. घर एकच, मध्ये भिंत घातलेली, आणि भिंतीपलीकडे दानम्माची पिठाची गिरणी.

दानम्मा उदगीरकडची. आमचा सासरा गेला तेव्हा गिरणी विकायची बोलणी चालली होती. ही पदर खोचून सगळ्यांसमोर उभी राहिली. म्हणाली, "विकायची असंल तर आधी मला विका." तेव्हापासून गिरणी तिचीच. पट्टा तुटला तर स्वतः जोडायची. ज्वारीत खडे निघाले तर त्या घरच्या बाईचा चारचौघांत उद्धार करायची, आणि गिरणी चालू असली तरी ते अख्ख्या आळीला ऐकू जायचं. अशी बाई. तिला काय झालंय ते कुणाला कळलं नाही, यात नवल नाही. घाबरणारी बाई म्हणजे गरीब गाय, अशीच आमची सगळ्यांची समजूत.

पहिल्यांदा झालं ते दिवाळीच्या तोंडावर, भर दुपारी, गिरणीतच. छाती धडधडायला लागली, हातांना मुंग्या आल्या, घसा आवळला आणि ती "मेले, मी मेले" ओरडत रस्त्यावर आली. भोकरला नेलं, ईसीजी काढला, चांगला आला. डॉक्टर म्हणाले, काही नाही. दुसऱ्यांदा बाजारात झालं, तिसऱ्यांदा महादेवाच्या देवळात. पुन्हा ईसीजी, पुन्हा काही नाही. या 'काही नाही'ची मला फार चीड आहे. माणूस मरणाच्या दारात उभा असल्यासारखा घामाघूम होतो आणि त्याला सांगायचं, काही नाही!

मग तिचा बाजार सुटला, एसटी सुटली, गिरणीत एकटीनं थांबणं सुटलं. दाराआड बसून ती नुसती पाय हलवत राहायची. भिंतीपलीकडून मला सगळं कळत होतं. खोटं कशाला सांगू, सुरुवातीला मला बरंच वाटलं.

आमच्याकडचं गणित सोपं आहे. ईसीजी चांगला म्हणजे रोग नाही, आणि रोग नाही म्हणजे भानामती. भानामती म्हणजे करणी, आणि करणी म्हटली की करणारीण पाहिजेच. ती बहुतेक विधवा असते, शेजारची असते आणि तिच्याशी भांडण असतं. मी तिन्ही विषयांत पास.

संगमेश्वरानं तेलंगणाच्या बाजूचा एक जाणता, करणी उतरवणारा, शोधून आणला. पौष अमावस्येच्या दुपारी दानम्माच्या अंगणात त्याची बैठक बसली. मलाही निरोप आला. गेले नाही तर माझं नाव ठरणार, गेले तर पडणार. मी ठेवणीतलं लुगडं नेसून गेले.

नाव पडणं म्हणजे काय ते मी पाहिलेलं होतं. सात वर्षांपूर्वी विठाबाईचं पडलं. तिला कुणी बोटही लावलं नाही. फक्त तिच्या हातचं पाणी कुणी घेईना आणि तिच्या दारावरून जाताना बाया लेकरांच्या डोक्यावर पदर धरायच्या. वर्षाच्या आत ती लेकीकडे गेली, परत आली नाही. माझी तर भाकरीच पोरांच्या पंगतीवर. अंगणवाडीत माझी बावीस लेकरं. करणीवालीच्या हातची खिचडी कोणती आई आपल्या लेकराला खाऊ देईल? याच्याविरुद्ध कायदा आहे, मला माहीत होतं. पण कायदा भोकरच्या ठाण्यात राहतो आणि मी गावात राहते.

मध्ये दानम्मा, समोर निखाऱ्यांवर मिरच्यांचा धूर. जाणत्यानं तिची वेणी मुठीत धरली होती. "घे नाव. करणारीण घरातलीच हाय. नाव घेतलं की तू सुटली."

दानम्मा खोकत होती, थरथरत होती. अंगणातली सगळी डोकी माझ्याकडे वळली. तिनंही माझ्याकडे पाहिलं. पाच वर्षांचा राग होता आमच्यात. एका शब्दात तिची सुटका होती, आणि वर मोरीचा हिशेबही चुकता होणार होता. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

"बसम्माक्काचं नाव घ्यायला लावून राहिलाव व्हय तुम्ही?" ती म्हणाली. "तिच्या मोरीचं पाणी माझ्या अंगणात येतंय. पाच वर्षं झाली, सांगून सांगून तोंड दुखलं. लई आडमुठी बाई हाय ती. हे मी चावडीवर उभं राहून सांगीन. पण हे तिनं केलेलं न्हाई. जे न्हाई ते माझ्या तोंडातून निघणार न्हाई. सोड माझी वेणी."

जाणता मुरलेला होता. हसून म्हणाला, "ही बोलून न्हाई राहिली, हिच्या अंगातलं बोलून राहिलं. पुढच्या अमावस्येला मी येतो. तवर नाव आलं न्हाई तर ह्या बाईचा जीव गेला म्हणून समजा."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी तिचं दार वाजवलं. पाच वर्षांतलं माझं पहिलं वाक्य होतं, "ऊठ, नांदेडला जायचंय."

"मला एसटीत बसवत न्हाई."

"बसवत नसंल तर उभी राहा."

संगमेश्वर आडवा आला. "वहिनी, तुम्ही यात पडू नका."

"मला तुम्हीच पाडलंत, भावजी," मी म्हटलं, "आता उठून चालू तरी द्या."

वाटेत बारडला दानम्मा बसमधून उतरली. जीव चाललाय म्हणाली. स्टँडवरच्या बाकावर अर्धा तास बसलो आणि मागून येणाऱ्या गाडीत चढलो. नांदेडला उतरल्यावर ऑटोनं विष्णुपुरीचं सरकारी हॉस्पिटल गाठलं. केसपेपरच्या खिडकीवर सगळं ऐकून घेऊन त्यांनी आम्हाला आतल्या एका विभागाकडे पाठवलं. पाटीवर 'मनोविकृती विभाग' वाचून दानम्मा थबकली. "मी येडी न्हाई," म्हणाली. मी म्हटलं, "येडी असतीस तर काल माझं नाव घेतलं असतंस."

तिथल्या डॉक्टर, शिवांगी मॅडम, माझ्या भाचीच्या वयाच्या. पण त्या पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "तुम्हाला जे होतंय ते खरं आहे." दानम्मा ढसाढसा रडली. तीन महिन्यांत हे कुणीच म्हटलं नव्हतं.

मॅडमनी थायरॉइडसाठी रक्त तपासायला पाठवलं आणि मग खोदून खोदून विचारलं. आईला असं काही व्हायचं का? व्हायचं, दानम्मा म्हणाली, आई सणावाराच्या गर्दीत घामानं भिजायची, आम्ही तिला भित्री म्हणायचो. घरात काही मोठं झालं होतं का? तिचा भाऊ कोरोनात लातूरला वारला, तोंडही बघायला मिळालं नव्हतं. दोन दिवस घरी भाकरी न खाता बसली आणि तिसऱ्या दिवशी गिरणी चालू केली, एवढं मलाही माहीत होतं. तेव्हापासून झोप तुटली होती. आणि चहा? दिवसाला आठ कप.

मॅडम म्हणाल्या, याला एकच कारण नसतं. थोडं आईकडून आलेलं असतं, थोडं सोसलेलं असतं, वर झोपेची मोड आणि चहा. दारातलं कुत्रं चोर नसतानाही भुंकत राहावं, तसं शरीर विनाकारण हाकाटी करतं. कुत्रं वाईट नाही, त्याची सवय बिघडलीय. याला औषध आहे. आठ दिवस अर्धी गोळी, नंतर पूर्ण. गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, पहिल्या आठवड्यात कदाचित जास्तच होईल, पण मनानं बंद करायची नाही. आणि धडधड सुरू झाली की पळायचं नाही. श्वास हळू सोडायचा आणि थांबायचं. ती चढते तशी आपोआप उतरते. ज्या जागेची भीती बसलीय तिथं रोज थोडं थोडं जायचं.

"चार आठवडे," दानम्मा बाहेर येऊन म्हणाली. "आणि अमावस्या कधी?"

मी बोटांवर मोजलं. अठ्ठावीस दिवस.

तो महिना मला पुन्हा नको. पहिल्या आठवड्यात तिला खरंच जास्त झालं, मळमळ वेगळीच. संगमेश्वर म्हणाला, बघा, गोळीनं वाढलं. माझ्या अंगणवाडीत बावीसची नऊ लेकरं झाली. कुणी तोंडावर काही म्हणेना, कुणाच्या लेकराला ताप, कुणी मामाच्या गावाला. गावात एकाच वेळी तेरा लेकरांना मामा आठवले! मी एक पिशवी भरून खाटेखाली ठेवली. दोन लुगडी, कागदपत्रं, नवऱ्याचा फोटो. विठाबाईसारखी मी हळूहळू झिजणार नव्हते, नाव पडलं की त्याच दिवशी निघणार होते.

दानम्मा मात्र रोज सकाळी अर्धा कप चहा पिऊन गिरणीत जायची. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, तीही गिरणी बंद ठेवून. मग दहा. मग पट्टा चालू करून. मी बाहेर पाठ करून तांदूळ निवडत बसायचे. आत जायचं नाही, हाक मारली तरी, असं तिनंच बजावलं होतं. एकदा तिनं आतून "अक्का, अक्का" अशा हाका मारल्या. मी तांदळातला एकच खडा दहा वेळा उचलला आणि टाकला, पण उठले नाही. थोड्या वेळानं ती बाहेर आली, पीठ आणि घाम एक झालेला, आणि माझ्यावरच खेकसली, "हाक मारली तर ऐकू येत न्हाई का?"

"येतं."

"मग बरं केलंस," म्हणाली आणि अंगणातल्या मोरीच्या पाण्याकडे बघून तिनं मला दोन शिव्या हासडल्या. त्या दिवशी मला वाटलं, ही बरी होणार.

शिवरात्र झाली. दुसऱ्या दिवशी अमावस्या. मागच्या वेळेपेक्षा दुप्पट माणसं जमली, पोलीस पाटीलही पुढच्या रांगेत. जाणत्यानं निखारे मांडले. गुण आला होता, पण पूर्ण नव्हता. एवढी गर्दी, तोच धूर, तोच माणूस. दानम्माचा चेहरा पांढरा पडताना मी पाहिला. सुरू झालं होतं.

"आलं! अंगात आलं!" जाणता ओरडला. "घे नाव!"

दानम्मानं हात वर करून त्याला थांबवलं. आवाज कापत होता, पण तो गिरणीतलाच आवाज होता. "हाव, आलंय. सगळ्यांनी नीट बघून घ्या. अक्का, मोबाइलवर घड्याळ लाव. मी पळणार न्हाई, कुणाचं नाव घेणार न्हाई. कुणी मला हात लावायचा न्हाई. आणि हा धूर इझवा आधी."

कुणी हललं नाही. मग संगमेश्वर उठला. मला वाटलं तिला धरायला उठला. त्यानं कळशी उचलली आणि निखाऱ्यांवर ओतली.

मी मिनिटं मोठ्यानं सांगत होते. तीन मिनिटांना ती थरथरत होती, पाचला दातावर दात वाजत होते. जाणता मंत्र म्हणायला लागला तेव्हा मागून एक म्हातारी म्हणाली, "गप रे, मोजू दे." आठला तिनं लांब श्वास सोडला. अकराव्या मिनिटाला तिनं पदरानं तोंड पुसलं आणि अंगणभर नजर फिरवली.

"गेलं," ती म्हणाली. "मंतर न्हाई, लिंबू न्हाई, कुणाचं नाव न्हाई. अकरा मिनिटं. याला आजार म्हणतात, नांदेडला दवाखाना हाय, मी गोळी खाते. उद्या सकाळी आठला गिरणी चालू होईल. ज्याला माझ्या हातचं पीठ नको, त्यानं भोकरला जाऊन दळून आणावं."

जाणता लिंबं गोळा करून उठला. त्याला दक्षिणा द्यायला कुणी पुढे आलं नाही. सकाळी गिरणीवर रांग होती. लेकरं यायला मात्र पंधरा दिवस लागले, एकेक करत, मामाचं गाव संपवून. दानम्मा अजून गोळी घेते. शिवांगी मॅडमनी सांगितलंय, निदान वर्षभर, आणि बंद करायची तर त्यांना विचारून, हळूहळू. कधीमधी गर्दीत धडधडतं. ती तिथंच उभी राहते आणि आजूबाजूचे तिला मुकाट्यानं उभी राहू देतात.

पिशवी मी रिकामी केली. मोरीचं पाणीही वळवलं, गवंडी लावून, माझ्या बाजूनं. दानम्माला वाटतं मी उपकार फेडले, आणि ते ती मला रोज ऐकवते. तिला खरं कारण मी सांगितलेलं नाही. त्या धुरात तिच्या जागी मी असते, माझी वेणी त्याच्या मुठीत असती आणि समोर दानम्मा उभी असती, तर मी तिचं नाव घेतलं असतं.