काळ्या कागदावरची कळलावी

आमच्या वर्गात सगळ्यांच्या रंगपेटीतली पांढरी पेन्सिल नवीच्या नवी राहायची. पांढऱ्या कागदावर तिचा उपयोग काय? मुली ती कानात घालायच्या, नाहीतर तिने एकमेकींना टोचायच्या. माझी मात्र सगळ्यांत आधी संपायची, कारण मी काळ्या कागदावर फुलं काढत असे.

कर्जतच्या बाजारात एक फोटो स्टुडिओ होता. फोटो छापायचा कागद तिथे काळ्या कागदात गुंडाळून यायचा, उजेड लागू नये म्हणून. वरचा कागद ते दुकानामागे टाकून देत. एकदा मला तो उचलताना स्टुडिओवाल्या काकांनी पाहिलं आणि ते म्हणाले, "घे गं, फेकायचाच आहे." तेव्हापासून ते माझ्यासाठी कागद बाजूला ठेवू लागले.

शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना ते आवडलं नाही. पाकिस्तानशी युद्ध नुकतंच संपलं होतं. माझा कागद दोन बोटांत धरून वर्गासमोर नाचवत ते म्हणाले, "हा ब्लॅकआउटमध्ये काचांना लावायचा असतो. चित्राला पांढरा कागद घ्यायचा आणि मी फळ्यावर काढलाय तो गुलाब काढायचा." सगळा वर्ग हसला. मी सरांसाठी पांढऱ्या कागदावर गुलाब काढला आणि घरी जाऊन काळ्यावर तेरडा काढला.

ते सोपं नव्हतं. पिवळा रंग थेट काळ्यावर लावला की शेवाळासारखा दिसे. जांभळा तर दिसतच नसे. खूप कागद वाया घालवल्यावर कळलं, की आधी पांढऱ्याचा पातळ हात द्यायचा आणि मग त्यावर रंग चढवायचा. मग फूल असं उजळायचं, की मीच बघत बसायचे.

श्रावणात कर्जतजवळच्या कोंडाणे गावातल्या मैत्रिणीकडे गेले तेव्हा डोंगराच्या पायथ्याशी, कुंपणाला बिलगलेली कळलावी दिसली. टोकाला तांबड्या, बुडाला पिवळ्या अशा नागमोडी पाकळ्या, ज्वाळांसारख्या वर उठलेल्या. मी एक फूल तोडलं, तशी मैत्रीण ओरडली, "घरात नको नेऊ गं! ती कळ लावते, भांडणं व्हतात. आमच्यात कुनी तिला शिवत पन नाय." मी ते फूल ओल्या रुमालात गुंडाळून घरी आणलं, आणि न्हाणीघराच्या पायरीवर बसून काढलं. ते माझं सर्वांत चांगलं चित्र झालं.

मॅट्रिकनंतर मला पाहायला स्थळं येऊ लागली. मोहोपाड्याचं एक स्थळ आत्याने आणलं. मुलगा कारखान्यात सुपरवायझर, कॉलनीत क्वार्टर. वडील तेव्हा कचेरीत कारकून होते, त्यांना हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. त्या काळी मुलीचं हस्तकौशल्य मांडून ठेवायची रीत होती. मला भरतकाम येत नव्हतं, म्हणून आत्याने शेजारणीच्या मुलीचा टेबलक्लॉथ मागून आणला आणि बैठकीच्या टेबलावर पसरला. "तू फक्त गप्प बस," तिने मला बजावलं.

मंडळी आली. पोहे झाले. मुलाच्या आईने टेबलक्लॉथवरून हात फिरवत विचारलं, "हे मुलीनंच केलंय?"

"अहो, सगळं हिच्याच हातचं," आत्या म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. "हे शेजारच्या ताईनं केलंय. मला भरतकाम येत नाही."

वडिलांनी हातातली बशी खाली ठेवली. मुलाच्या वडिलांनी सावरून घेतलं. "असू दे. मग तुला काय येतं?"

मी आत गेले, ट्रंकेतले सगळे काळे कागद आणले आणि त्या टेबलक्लॉथवर पसरले. कळलावी सगळ्यांत वर होती.

"अगं बाई! शुभकार्यात काळं?" मुलाची आई मागे सरली. "आणि ही तर कळलावी!"

मुलगा मात्र वाकून बघत होता. "पांढऱ्यावर हे असं दिसलं नसतं," तो हळूच म्हणाला. आईने त्याच्याकडे पाहिलं, तसा तो सरळ बसला आणि निघेपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्याला चित्र कळलं होतं, तरी तो गप्प बसला. त्या क्षणी मीच त्याला नकार दिला. त्यांचा नकार नंतर आत्याकडून आला.

घरात वादळ झालं. आत्या म्हणाली, "हिला कोण पदरात घेणार?"

मी म्हटलं, "मला कुणाच्या पदरात जायचं नाही. मला पुण्याला मामाकडे राहून चित्रशिक्षिकेचा कोर्स करायचाय."

"काळे कागद रंगवून पोट भरणार आहेस?" वडील कडाडले.

"तुम्ही पांढरे काळे करून भरताच की!"

वडिलांचा हात उठला होता. तेवढ्यात, मला आठवतंय तसं, त्यांच्यासमोर पहिल्यांदाच आई मोठ्याने बोलली. "खोटं सांगून ही दिली असती, तर तिकडे जन्मभर भरतकाम कुणी केलं असतं? मी? जाऊ दे तिला."

वडिलांनी उठलेला हात खाली घेतला. जून लागला तशी आईनेच माझी ट्रंक भरली. वडील गाडीपर्यंत पोचवायला आले.

पुढे खालापूरच्या बाजूला एका शाळेत मी चित्रकला शिकवू लागले. पावसाळ्यात मुलींना शेताच्या बांधावर नेई आणि दिसेल ते फूल काढायला लावी. मुख्याध्यापकांनी हरकत घेतली, की पालक तक्रार करतात, मुली चिखलात बसतात. मी म्हटलं, "त्यांच्याच शेतातला चिखल आहे, सर." पुढच्या आठवड्यात पुन्हा घेऊन गेले. त्यांनी मेमो दिला. त्यानंतरच्या आठवड्यातही गेले. शेवटी एका पालकानेच येऊन सांगितलं, की पोरगी आता शाळा बुडवत नाही. मग मेमो थांबले.

लग्न मी केलं नाही. नात्यातली माणसं अजून भेटली की हळहळतात. हळहळू देत.