ज्वारीत हरवलेली अक्का

उमरग्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत महारुद्रचं मॅचिंग सेंटर आहे. नाव महारुद्र, पण आवाज इतका मऊ की नवी गिऱ्हाइकं भाव विचारताना त्याच्या आईकडंच बघतात. आई म्हणजे कमलबाई. दुकानाच्या तोंडाशी चटई टाकून त्या साड्यांना फॉल लावत बसतात. घरात त्यांना अव्वा म्हणतात, आणि घराचं ऐकून गल्लीही तेच म्हणायला लागली.

भिंतभर ब्लाउजपीसचे तागे. रामा, मोरपंखी, चिंतामणी, अबोली, डाळिंबी, श्रीखंडी, राणी. बाई साडी काउंटरवर टाकते, महारुद्र एक नजर टाकतो, मागं न बघता हात घालतो, आणि हाताला येतो तो तागा बहुतेक वेळा नेमका असतो. तरी तो गिऱ्हाइकाला पायरीवर नेतोच.

"ट्यूब खोटं बोलती, ताई. हितं उजेडात बगा. साडी कुठं सरली आन् पीस कुठं लागला ते दिसायलंय का?"

"न्हाय बा."

"मग झालं."

हा झाला गिऱ्हाइकांचा महारुद्र. गिऱ्हाईक नसलं की हाच माणूस काउंटरवरची कात्री बाजूला सारतो आणि कॉमिक काढायला बसतो. त्याच्या कॉमिकचं नाव 'जीपवाली अक्का'. पदर कमरेला खोचलेली, नाक जरा मोठंच, टायरला चप्पल मारून हवा तपासणारी ही अक्का लोहारा-उमरगा रस्त्यावर जीप चालवते आणि आत बसलेल्यांची भांडणं मिटवते. तशी बाई त्या रस्त्यावर कुणी नाही. महारुद्रची बायको निकिता लोहाऱ्याच्या तहसिलीत कारकून आहे, रोज जीपनं जाते-येते. एकदा घरी येऊन पर्स टाकत ती म्हणाली, "अहो, ह्या जीपला एखादी बाई ड्रायव्हर असती ना, तर निम्मे लोक गप बसले असते." महारुद्रनं त्याच संध्याकाळी अक्काचं नाक काढलं.

दोन पुस्तकं निघाली. काळी-पांढरी, झेरॉक्सवर काढून मधे टाचण्या मारलेली. जीपमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, केस कापायच्या दुकानात फिरून फिरून त्यांचे कोपरे मऊ झाले. लोकांना त्यात सगळ्यात आवडायचं ते अक्काचं बोलणं. आणि ते बोलणं महारुद्रचं नव्हतंच.

ते कमलबाईंचं. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. महारुद्र चित्रं काढतो, बोलायचे फुगे रिकामे ठेवतो, आणि पान अव्वापुढं धरतो. सुरुवातीला तो फुगे स्वतः भरायचा. पहिल्या पुस्तकात एक म्हातारा दोन शेळ्या घेऊन जीप अडवतो, तिथं त्यानं लिहिलं होतं, 'आजोबा, शेळ्या कुठे बसवू?' कमलबाईंनी सुई दातात धरली, चित्र निरखलं आणि विचारलं, "काय म्हणायलीय ही?"

त्यानं वाचून दाखवलं.

"ह्यॅ. आसं कोण बोलतंय? ती म्हणती, शेळ्या आत बसतील, तुमी मागं लटका. त्यांला धरायला हात न्हाईत."

महारुद्रनं आपलं वाक्य खोडलं. तेव्हापासून ठरून गेलं. अव्वाला चित्रात काय चाललंय ते नुसतं बघून कळलं, की अव्वा बोलतात. अव्वा बोलल्या, की फुगा भरतो. फुगे भरले, की पुस्तक होतं.

तिसऱ्या पुस्तकाच्या वेळी योगीराज आला. हा महारुद्रचा शाळेतला दोस्त, नळदुर्गात हायवेला त्याचं फ्लेक्सचं दुकान. म्हणाला, "लोकं रंगीत मागायलेत. माझं मशीन दुपारचं मोकळंच असतंय. एक पान दे, नमुना काढून आणतो."

आणला. कमलबाईंनी चष्मा लावून पाहिला.

"ही कोण?"

"अक्का, मावशी."

"हिला पावडर कुणी फासली? बघायला येणार हाय का कोणी?"

अक्का गुलाबी झाली होती. गाल गुलाबी, हात गुलाबी, मागं सोनेरी किरणं. वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

"मावशी, आमच्याकडं सगळ्यांचंच तोंड आसं करावं लागतंय," योगीराज म्हणाला. "न्हाय केलं तर गिऱ्हाईक भांडतंय, म्हणतंय मी इतका काळा हाय का."

"अक्का उन्हात जीप चालवती," महारुद्र हळूच बोलला. "योग्या, रंग मी देतो. तू फकस्त छाप."

"तुला रंगातलं काय कळतंय?" असं म्हणून योगीराजनं मान वर केली. समोर छतापर्यंत तागे. "बरं, दे," म्हणाला.

लातूरहून आणलेला एक जुना टॅब महारुद्रकडं होता. त्यात रंगांचं एक चाक होतं, गरगरीत, आणि त्यात म्हणे लाखो रंग. पण एकालाही नाव नाही. बिननावाचा रंग मागायचा कसा? दोन-तीन दिवस तो नुसता त्या चाकावर बोट फिरवत राहिला. मग त्यानं डोकं चालवलं. तागे पायरीवर नेले, उन्हात त्यांचे फोटो काढले आणि टॅबमधली रंग उचलायची पिचकारी त्या फोटोंना लावली. आता चाकाची गरज उरली नाही. श्रीखंडी हवा, श्रीखंडीच्या ताग्यातून उचल. मेंदी हवा, मेंदीतून.

ह्या खेपेला त्यानं आणखी एक ठरवलं. पानं अव्वाला आधी दाखवायची नाहीत. अक्का तिला थेट रंगातच भेटली पाहिजे.

गोष्ट तशी साधी. जीपमध्ये नवरा-बायकोचं वाजतं. नवरा वाटेत उतरून ज्वारीच्या रानात जाऊन बसतो, रुसून. जीप खोळंबते. अक्का त्याला आणायला रानात शिरते. महारुद्रनं ही पानं फार जिवापाड रंगवली. ज्वारीच्या एकेका ताटाला बघून रंग लावला, आणि ज्वारीवर शोभेल असा मेंदी रंग अक्काच्या लुगड्याला. जीपला रस्त्याच्या धुळीशी जुळणारा बदामी. नवऱ्याच्या सदऱ्याला ढेकळांचा तपकिरी. टॅब पायरीवर नेऊन उन्हात पाहिला. कुठं काही टोचत नव्हतं. त्यानं तो पुसून अव्वाच्या मांडीवर ठेवला.

"बग, अव्वा. तुझी अक्का."

कमलबाईंनी बघितलं. बोट पुढं नेलं, मागं घेतलं. पुढचं पान बघितलं. परत पहिलं.

"काय म्हणायलीय?" महारुद्र पेन सरसावून बसला होता.

"कोण?"

"अक्का."

"कुठंय?"

"ही काय."

"बया. मला कडबा वाटला."

निकिता नुकतीच तहसिलीतून आली होती. ती हसली, मग नवऱ्याचं तोंड बघून थांबली. महारुद्रनं घाईघाईनं त्याच पानाचं शाईचं काळं-पांढरं चित्र काढून दाखवलं. कमलबाईंना ते लगेच कळलं. "हां, ही हितं उभी हाय व्हय. आन् ह्यो रुसलेला." पण मग त्यांनी दोन्ही पानं शेजारी धरली आणि विचारलं, "मग रंग कामून दिलास? झाकायला?"

महारुद्रनं काळं-पांढरं पान पुढं सरकवलं.

"तू हेच्यावरून सांग ना, काय म्हणायलीय," तो त्याकडं बोट करून म्हणाला.

"न्हाय. लोकांला तू रंगातलं देणार. रंगात ती बोलंल तवा म्या सांगीन. मुक्या बाईच्या तोंडात उगं कशाला घालू?" आणि त्यांनी सुईत दोरा ओवला.

झालं. पुस्तक तिथं अडलं. फुगे पांढरे, अव्वा गप. योगीराजला फोन केला तर तो म्हणाला, "सोड की मर्दा, काळंपांढरंच काढ. चाललंय न्हवं चांगलं?" सोडता आलं असतं. पण महारुद्रला अव्वाचा प्रश्न चावत होता. झाकायला? तर व्हय, झाकायलाच. आयुष्यभर तो तेच करत आला होता. फॉल दिसता कामा नये, दोरा दिसता कामा नये, जोड दिसता कामा नये. कुठं काय शिवलंय ते कळलं नाही की गिऱ्हाईक खूश. त्यानं अक्काला ज्वारीवर मॅचिंग करून टाकलं होतं.

मग तो दुसऱ्या टोकाला गेला. अक्का राणी, जीप पोपटी, आभाळ चिंतामणी, नवऱ्याचा सदरा गाजरी, ज्वारी हळदीसारखी पिवळीधमक. कमलबाईंनी ते पाहून टॅब जरा लांब धरला.

"आता दिसती का अक्का?"

"दिसती की. जीप बी दिसती. आभाळ बी. लग्नाचा मांडव बी दिसायलाय."

"मग?"

"मग काय. सगळेच वरडायलेत. कुणाचं ऐकू?"

निकितानं चहा आणून ठेवला. "अहो, अव्वा खरं बोलायल्यात. आमच्या जीपीत सगळे एकदम बोलले की ड्रायव्हर गाणी लावतो."

"तू पण?"

"मी बी प्रवासीच हाय की," असं म्हणून ती आत गेली.

पुढं काही दिवस टॅब कपाटात, अस्तराच्या गठ्ठ्याखाली राहिला. कमलबाई विचारत नव्हत्या, तो सांगत नव्हता. दुकान चालू होतं.

एका दुपारी लोहाऱ्याकडच्या मायलेकी आल्या. लेकीचं नाव राजेश्वरी, लग्न ठरलेलं. बरोबर आणलेली साडी करड्या रंगाची, अंगभर बुट्टी नाही की नक्षी नाही. आई नाराज.

"नवरीला कुठं आसला राखंसारखा रंग घेतेत का? सांगा हो तुमीच, बदलून भरलेली आणावी का न्हाय."

"मला हीच पाहिजे, मम्मी."

"फोटोत दिसशील का तरी?"

महारुद्रनं साडी हातात घेतली. अशा वेळी काय करायचं ते त्याच्या हातांना पाठ होतं. घडी तशीच काउंटरवर राहू द्यायची आणि फक्त पदर ओढून वर पसरायचा. त्यानं पसरला. डाळिंबी. बारीक जर. करड्या घडीवर तो असा पडला की आईचा हात आपोआप पुढं आला.

"मावशी, अंगभर भरलं की नजर फिरत ऱ्हाती," महारुद्र बोलू लागला. हे वाक्य तो दुकानावर बसायला लागल्यापासून म्हणत आलाय. "अंग शांत पाहिजे. अंग शांत असलं की पदर कसा..."

आणि तो तिथंच थांबला. पदराचं टोक हातात.

"पदर कसा काय?" राजेश्वरीनं विचारलं.

"अं?"

"तुमी म्हणायलात ना, पदर कसा..."

"उठून दिसतो," दारातून कमलबाईंनी वाक्य पुरं केलं. "रोजचंच हाय त्याचं. आज अडकलंय कुठंतरी. पोरी, ब्लाउज डाळिंबी घे. करडा घेऊ नको, नुसती गुंडाळी दिसशील."

मायलेकी ब्लाउजपीस घेऊन पायरी उतरल्या आणि महारुद्रनं अस्तराचा गठ्ठा उचलला.

आता त्यानं आधी शांत करायला घेतलं. ज्वारीचा रंग उतरवला, पुष्कळदा धुतलेल्या सुती कापडासारखा. आभाळ तसंच. जीप, रस्ता, रुसलेला नवरा, जीपच्या खिडकीतून मान फिरवून बसलेली त्याची बायको, सगळे एकमेकांजवळचे रंग. हे जुळवायला त्याला वेळ लागला नाही, ती विद्या तर बोटांत होतीच. तीच विद्या, फक्त आता ती अक्कासाठी राबत होती. सगळं पान करडं, बदामी, मळकं झालं तेव्हा त्यानं डाळिंबीच्या ताग्याला पिचकारी लावली आणि तो रंग एका ठिकाणी सोडला. अक्काच्या लुगड्यावर. ज्वारीच्या त्या फिकट पसाऱ्यात कमरेला पदर खोचलेली एक बाई उभी राहिली.

पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्या पानावर अक्का लांब होती, करंगळीएवढी, तरी डोळा सरळ तिच्यावर जात होता. मग तो थोडा धीट झाला. एका चौकटीत नवरा पहिल्यांदा मान वळवून जीपकडं बघतो. तिथं त्यानं अक्काला चौकटीबाहेर ठेवलं आणि जीपच्या खिडकीवर टेकलेल्या त्या बायकोच्या बांगड्या तेवढ्या हिरव्या केल्या.

टॅब घेऊन तो पायरीवर आला. ऊन कलतं होतं, पण पुरेसं होतं. कमलबाई फॉलची शेवटची वीत टाचत होत्या. त्यानं काही न बोलता टॅब समोर धरला.

कमलबाईंनी दोरा तोडला. चष्मा वर सारला, पुन्हा खाली घेतला. टॅब हातात घेतला. निकिता जीपमधून उतरून गल्लीत शिरत होती, तीही पर्स खांद्यावर तशीच ठेवून सासूच्या मागं उभी राहिली.

"ओ दाजी," कमलबाई म्हणाल्या.

महारुद्र दचकला. "कोण दाजी?"

"तुला न्हाय. ती म्हणायलीय. ओ दाजी, रुसायचं आसंल तर जीपीत बसून रुसा. बाकीच्यांला तहसील गाठायचीय." बोट पुढच्या चौकटीवर गेलं. "ह्यो म्हणतो, तिला आधी बोल म्हणावं. मग अक्का म्हणती, ती बी हेच म्हणली. आता दोघांच्या मधी किती हेलपाटं घालू? चालत आले म्हणून मला डिझेल लागत न्हाय काय?"

निकिता हसता हसता पायरीवर बसली. महारुद्र खिसे चाचपत होता, पेन सापडेना. ते काउंटरवर होतं. तो धावत आत गेला, येताना पायात ताग्याचं टोक अडकलं, ते तसंच ओढत बाहेर आला. तोवर कमलबाई हिरव्या बांगड्यांपाशी पोचल्या होत्या.

"आन् हितं कुणी काय बोलत न्हाय," त्या म्हणाल्या. "हितं फुगा नको घालू. तिनं हात बाहेर काढलाय, बास हाय तेवढं."

"हां," महारुद्र लिहीत म्हणाला. "आन् त्याच्या आधीचं? डिझेलच्या आधीचं काय म्हणलीस?"

"पुढं बग आता. हितं ह्यो उठलाय, धोतर झटकायलाय. अक्का म्हणती, ढेकळं हितंच ठिवा, जीप कालच धुतलीय."

"अव्वा, जरा हळू."

"अक्का हळू बोलती का कवा?" कमलबाई म्हणाल्या आणि बोटानं पान उलटलं.