विमान बदललं, माइल्स कुठे गेले?

ज्याचं विमान वेळेवर सुटतं, तो माणूस आमच्या ऑफिसात फोन करत नाही. म्हणून आमच्याकडे सगळ्या आठवणी बिघडलेल्या प्रवासांच्याच! एकोणीस वर्षं मी शनिवार पेठेतल्या एका छोट्या ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटं काढतेय. ऑफिसात माणसं दोनच. मी आणि मालक आपटेसाहेब. साहेब बोलतात कमी, आणि बोलले की समोरचा गप्प होतो. एकदा एक गिऱ्हाईक तावातावाने म्हणालं, "तुमचं विमान सहा तास लेट होतं!" साहेब शांतपणे म्हणाले, "विमान आम्ही चालवत नाही. चालवत असतो तर वेळेवर सुटलं असतं."

विमान बदललं की पहिली काळजी घरी पोचण्याची. दुसरी माइल्सची. माइल्स म्हणजे विमानकंपनी प्रवासाबद्दल देते ते पॉइंट. बरेच साठले की एखादं तिकीट फुकट. पण कंपनीने स्वतःचं विमान रद्द करून तुम्हाला दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसवलं, की हे माइल्स हमखास गायब. पहिली म्हणते, तुम्ही आमच्या विमानात बसला नाहीत. दुसरी म्हणते, तुम्ही तिकीट आमच्याकडून घेतलं नाहीत. मधल्यामध्ये प्रवासी आमच्या टेबलापाशी.

* * *

जोगळेकर सर गणिताचे निवृत्त शिक्षक. मुलाकडे बॉस्टनला निघाले होते. फ्रँकफर्टमार्गे जायचं, तर मुंबईला गेल्यावर कळलं की विमान रद्द. दुसऱ्या कंपनीने त्यांना दोहामार्गे नेलं. परत आल्यावर सरांनी माइल्स तपासले. शून्य.

आम्ही पहिल्या कंपनीकडे माइल्सचा क्लेम टाकला. उत्तर आलं : 'आमच्या नोंदीप्रमाणे सदर प्रवासी आमच्या विमानात नव्हते.'

सर माझ्यासमोर बसले. चेहरा लाल. "मी काय खोटं बोलतोय? वर्गात मुलांनी सुद्धा मला कधी असं म्हटलं नाही. लिहा."

मी टाइप करायला लागले. सर सांगत होते, "महोदय, मी आपल्या विमानात नव्हतो, हे आपलं म्हणणं बरोबर आहे. कारण आपलं विमानही तिथे नव्हतं."

आठ दिवसांत मूळ तिकिटाप्रमाणे पूर्ण माइल्स जमा!

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीनेही त्याच प्रवासाचे माइल्स दिले. कुणीही खूश झालं असतं. सर पुन्हा ऑफिसात हजर. "हे परत करा. एक माणूस एकाच वेळी दोन विमानांत बसू शकत नाही. हे मी सातवीला शिकवत होतो."

कंपनीकडे माइल्स मागायचा फॉर्म होता, परत करायचा नव्हता. कस्टमर केअरची मुलगी मला फोनवर तीन वेळा विचारत होती, "मॅम, म्हणजे मिळाले नाहीत ना?" "मिळालेत हो!" "मग प्रॉब्लेम काय आहे?"

मिळवायला आठ दिवस लागले. परत करायला चार महिने!

* * *

बिबवेवाडीचा राहुल निकम मशीनचे सुटे भाग विकतो. महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर. वर्षात ठरावीक संख्येने विमानप्रवास झाले की कंपनी त्याचं कार्ड एक पायरी वर चढवणार होती. वर्ष संपायला दोन दिवस उरले होते आणि दोनच फ्लाइट कमी पडत होत्या. म्हणून मी मुद्दाम त्याचं कोइमतूरचं तिकीट बंगळूरमार्गे काढलं होतं. एका प्रवासात दोन फ्लाइट. हिशेब चोख.

सकाळी सात वाजता मुंबई विमानतळावरून त्याचा फोन. "मॅडम, वाट लागली!"

मी विचारलं, "काय झालं? विमान रद्द?"

"रद्द झालं ते झालं. पण त्यांनी मला डायरेक्ट फ्लाइट दिली हो!"

काउंटरवरची मुलगी कौतुकाने सांगत होती, "सर, तीन तास आधी पोचाल." आणि हा हात जोडत होता, "मला उशिरा पोचवा. बंगळूरमार्गेच पाठवा." तिने, राहुल नंतर सांगत होता, त्याच्याकडे नीट पाहिलं, मग त्याच्या बॅगेकडे पाहिलं आणि हळूच कुणाला तरी बोलावलं.

दोन मिनिटांत गणवेशातले अधिकारी आले. राहुलने फोन खिशात टाकला, पण चालूच ठेवला. मला सगळं ऐकू येत होतं.

"बंगळूरला काय काम आहे?"

"काहीच नाही, साहेब."

"मग जायचंय कशाला?"

"फक्त उतरायचंय आणि परत चढायचंय."

मी इकडे कपाळ धरलं. असं उत्तर कुणी देतं का? त्याला बाजूच्या खोलीत नेलं. बॅग उघडली. बॅगेत स्टीलचे स्क्रू, स्प्रिंगा आणि वायरी! मी देवाचं नाव घेत होते. वीस मिनिटं तो माइल्स, कार्ड, पायरी, मूळ तिकीट असं सगळं समजावत राहिला. शेवटी खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि अधिकाऱ्यांचा गंभीर स्वरात प्रश्न :

"गेल्या मे महिन्यात माझी पण फ्लाइट बदलली होती. आता क्लेम करता येईल का हो?"

* * *

शिंदेकाका एसटीतून निवृत्त झालेले. लंडनहून परत येताना त्यांचं विमान बदललं. क्लेमसाठी मूळ बोर्डिंग पास लागणार होता, आणि स्कॅन पाठवायला संध्याकाळी सहापर्यंतच मुदत. काका चार वाजता आले तेच धापा टाकत. "तुमच्या काकूंनी घोळ घातला!"

घोळ असा : बोर्डिंग पासची मागची बाजू कोरी दिसली म्हणून काकूंनी सकाळी तिच्यावर भाजीची यादी लिहिली. मंडईत गेल्या, ओळखीच्या भाजीवालीला यादी दिली, "भरून ठेव, मी नारळ घेऊन येते" म्हणाल्या. पिशवी घरी आली. यादी मंडईत राहिली.

काका माझ्या स्कूटरवर मागे बसले. बाजीराव रोडला ट्रॅफिक जाम. काका दर मिनिटाला माझ्या कानात वेळ सांगत होते. "चार पस्तीस... चार छत्तीस..." मी शेवटी ओरडले, "काका, तुम्ही एसटीत होतात, घड्याळात नव्हतात!"

मंडईत भाजीवाल्या मावशींनी थंडपणे विचारलं, "कुठला कागद? मी काय कागद जपून ठेवते?" तेवढ्यात माझं लक्ष तराजूमागे गेलं. एका खिळ्याला दिवसभराच्या चिठ्ठ्या टोचलेल्या होत्या. आम्ही एकेक काढून बघायला लागलो. कुणाच्या वांग्यांची, कुणाच्या लिंबांची. अठरावी की एकोणिसावी आमची निघाली. ओली, मधोमध भोक, पण नाव आणि फ्लाइट नंबर शाबूत!

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशींनी कागद हातात घेतला, पुढून वाचला, मग उलटून मागून वाचला आणि काकांना आपादमस्तक न्याहाळलं.

"लंडनहून आलात, आणि घेवडा पाव किलो?"

* * *

काही दिवस मात्र हसण्यासारखे नसतात.

विजयाकाकू शाळेत क्लार्क होत्या. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या, त्याही एकट्या. टोरोंटोला मुलीकडे निघाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडलं आणि मुलीचा फोन. "विमान आलं. सगळे उतरले. आई नाहीये."

काकूंचा मोबाइल बंद. कंपनीचा फोन लागेना. लागला की गाणं वाजायचं. मुलगी दर पाच मिनिटांनी फोन करत होती आणि दर वेळी तिचा आवाज बारीक होत होता. तिकीट मीच काढलं होतं. कनेक्शनला, म्हणजे मध्ये विमान बदलायला, वेळ कमी आहे हे मला माहीत होतं. काकूंना मी म्हणाले होते, "काही होत नाही हो." ते वाक्य माझ्या कानात वाजत राहिलं.

दीड तास झाल्यावर साहेब म्हणाले, "काकूंचं माइल्सचं खातं उघडलं होतंस ना?"

मला रागच आला. "साहेब, बाई सापडत नाहीयेत आणि तुम्हाला माइल्स सुचतायत?"

"उघड."

उघडलं. पुढच्या प्रवासांच्या यादीत एक नवीन ओळ दिसत होती. दुसरी कंपनी, दुसरा फ्लाइट नंबर, इस्तंबूल ते टोरोंटो. चेक-इन झालेलं. पहिलं कनेक्शन चुकल्यावर कंपनीने काकूंना परस्पर दुसरीकडे वळवलं होतं. मुलीला कळवलं नव्हतं, आम्हाला कळवलं नव्हतं. पण तिकिटावर काकूंचा मेंबर नंबर होता, म्हणून खात्याला कळलं होतं!

पाच तासांनी मुलीने व्हिडिओ कॉल लावला. ती हुंदके देत होती. शेजारी विजयाकाकू, पर्स पोटाशी घट्ट धरून.

"रडतेस काय अशी? तीन देशांचा चहा प्यायले मी. एकालाही जमत नाही!"

साहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

* * *

आता पोकळे बंधूंचं सांगते.

धायरीकडची जुनी शेतकरी मंडळी. थोरले सोपान, धाकटे संपत. वडिलांच्या जमिनीवरून कोर्टात गेले, ते तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मध्ये बारा वर्षं गेली. एकाच्या घरचं लग्न असलं की दुसरा गावाला निघून जायचा. गिऱ्हाईक मात्र दोघंही आमचेच. सोपानदादांची मुलगी जर्मनीत, त्यामुळे त्यांच्या दोन-तीन फेऱ्या झालेल्या. संपतरावांची गुलाबाची शेती. ते फुलांचं प्रदर्शन बघायला पहिल्यांदाच युरोपला निघाले. नेमके दोघं एकाच दिवशी, एकाच विमानाने. हे मला तिकीट काढल्यावर कळलं आणि मी कुणालाच बोलले नाही.

ते विमान रद्द झालं. काउंटरवाल्याने घाईत दोघांना दुसऱ्या कंपनीच्या विमानात घातलं. एकाच आडनावाचे म्हणून शेजारी-शेजारी बसवलं, आणि दोन्ही तिकिटांवर 'एस. पोकळे' बघून मेंबर नंबर एकच टाकला. सोपानदादांचा.

परत आल्यावर संपतराव ऑफिसात आले ते दार आपटूनच. "जमीन खाल्ली, आता माइल बी खाल्लं!"

"अहो, ही कंपनीची चूक आहे," मी म्हटलं.

"नऊ तास शेजारी बसलो. एक शब्द बोललो नाय मी त्याच्याशी. अन् माजं माइल त्याच्या खात्यात? आजच्या आज येगळं करा!"

वेगळं करायला कंपनीला एक कागद हवा होता. 'आम्ही दोघं या विमानात वेगवेगळ्या सीटवर होतो.' खाली दोघांच्या सह्या, एकाच पानावर.

शुक्रवारी अकराला दोघं आले. माझ्या टेबलासमोर दोन खुर्च्या. सोपानदादा बसले. संपतराव उभेच राहिले, भिंतीकडे तोंड करून. पंखा गरगरत होता. मला वाटलं, आता इथे काहीतरी फुटणार.

सोपानदादांनी चष्मा लावला, कागद वाचला, सही केली. मी पेन संपतरावांपुढे धरलं.

"त्याच्या सहीखाली माजी सही? जमनार नाय."

आतून साहेबांचा आवाज आला, "शेजारी करा. पान रुंद आहे."

संपतरावांनी पेन घेतलं. "किती दिस लागतील येगळं व्हायला?"

"सहा आठवडे," मी म्हटलं. "तोवर सगळं सोपानदादांच्याच खात्यात राहील."

"म्हंजी तोवर त्याच्याकडंच?"

सोपानदादा पहिल्यांदा बोलले. माझ्याकडे बघून, हळू आवाजात. "त्याला सांगा, मी वापरनार नाय."

संपतराव थांबले. पेन हातात तसंच. मग ते टेबलावर ठेवलं. "उद्या येतो," एवढंच म्हणून जिना उतरून गेले. सोपानदादा थोडा वेळ रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले आणि तेही गेले.

उद्या आला नाही. परवाही नाही. अर्ध्याच सह्या झालेला कागद माझ्या ड्रॉवरमध्ये पडून. फोन करावा की नको, मला ठरवता येईना.

पंधरवड्याने फोन आला. "मॅडम, संपत पोकळे बोलतोय. तो कागद धाडला का?"

"तुमची सही राहिलीय ना."

"मग नका धाडू. ऐका, पुतनीला पोरगं झालंय जर्मनीत. त्या माइलांत तिकडचं एक तिकीट बसतंय का बघा. दुसरं इकत काढा."

मी पेन उचललं. "नावं सांगा."

"सोपान अन् संपत. शीटा शेजारी-शेजारी द्या, लांब नका टाकू. विमान उठताना दादाला माजा हात धरायला लागतो."